एक टिंब, चार रेघा

माझ्या कानाचा मला फार गर्व होता. डोळे बेताचे, आवाज बेताचा, माझं अक्षर तर पोस्टमास्तरांनासुद्धा लागत नसे. पण कान पक्का. साक्रीच्या तार ऑफिसात ऐंशीच्या दशकातली आठ वर्षं मी त्या कानाच्या जोरावर काढली. आणि त्याच कानाने एका दिवाळीला मला असं तोंडावर पाडलं, की अजूनही ते आठवलं तर नक्की काय वाटून घ्यावं ते समजत नाही.

आधी आमची पद्धत सांगतो. शुभेच्छांच्या तारेचे मजकूर खात्याने ठरवून दिलेले होते आणि प्रत्येकाला नंबर होता. दिवाळीला एक, ईदला दोन, लग्नाला आठ. ती यादी खिडकीशेजारी टांगलेली असायची. गिऱ्हाईक नुसता नंबर लिहून द्यायचं, आम्ही नंबरच पाठवायचो, आणि पलीकडचा तारबाबू अख्खं वाक्य कागदावर उतरवायचा. आम्ही तारबाबूही सणाच्या सकाळी, कामाची गर्दी सुरू व्हायच्या आत, एकमेकांना तोच नंबर पाठवायचो. मजकूर नाही, नाव नाही. नंबर, मागून आपापली दोन अक्षरांची सही, आणि पलीकडून पोच. पोच आली की सण सुरू. नियमात हे बसत नव्हतं, पण त्या सकाळी साहेब वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचे.

आमची लाईन धुळ्याला जायची. तिकडे यंत्रावर बहुतेक वेळा चाचा असायचे. सगळेच त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी मला दिवाळीला एक पाठवायचा, मी त्यांना ईदला दोन पाठवायचा, असं सहा वर्षं चाललं. या सहा वर्षांत आम्ही एकदाही भेटलो नाही. साक्रीहून धुळं एसटीने फार तर दीड तास. दर आठवड्याला मी म्हणायचो, या रविवारी जाऊन येऊ, आणि रविवार उजाडला की कपडे धुवायला बसायचो. रोज बोलणं होत असलं की भेटायची घाई कोणाला असते?

आमच्या मोर्सच्या लिपीत एक म्हणजे एक टिंब आणि चार रेघा. यंत्रावर ते कट्ट-कड असं वाजायचं, आणि आवाज मोठा यावा म्हणून यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा अडकवलेला असायचा. सवय नसलेल्याला तो सगळा नुसता खडखडाट. पण प्रत्येक तारबाबूचं हातवळण वेगळं असतं. चाचांची शेवटची रेघ किंचित लांबायची, म्हातारं माणूस उठताना 'हं' करतं तशी. सही यायच्या आधीच मी ओळखायचो. तारा वाटणारे आमचे आबा बाकावर बसून माझी गंमत बघायचे. एकदा म्हणाले, "भाऊ, तुमनं त्या डब्बासंगे लगीन लागेल शे का?"

त्या वर्षी पोळा झाला आणि चाचा लाईनवरून गायब झाले. त्यांच्या जागी कोणी नवा आला. त्याचा हात भराभर चालणारा, कोरडा, हिशेबी. मी विचारलं, चाचा कुठे? उत्तर आलं, रजेवर. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. रजेवर. दसऱ्याला विचारलं, तरी रजेवर. सरकारी खात्यात एवढी रजा मिळते हे मला नवीनच होतं. पत्र टाकावं म्हटलं तर त्यांच्या घरचा पत्ता माझ्याकडे नव्हता. सहा वर्षांच्या स्नेहात माणसाचा पत्ता विचारला नाही, याची मला लाज वाटली. ऑफिसच्या पत्त्यावर लिहिता आलं असतं, पण लिहिणार काय? तुमचा खडखडाट ऐकू येत नाही, करमत नाही?

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी अभ्यंगस्नान करून, नवा शर्ट घालून, वेळेआधीच यंत्रापाशी बसलो. यंत्र वाजलं. धुळ्याची हाक. मी हाकेला ओ दिली. मग एक टिंब आलं. मग बराच वेळ काही नाही. मग एक रेघ, अडखळलेली. दुसरी तिच्या दुप्पट. तिसरी अर्धवट तुटलेली. चौथी येते की नाही असं वाटत असतानाच आली. आणि त्यामागोमाग सही वाजली. चाचांची.

माझं डोकं चालेना. सही चाचांची, पण हात चाचांचा नव्हता. त्या नव्याचाही नव्हता. पहिल्यांदा यंत्र धरणाऱ्या शिकाऊ माणसाचा हात होता तो. मी विचारलं, कोण आहे? परत तीच सही आली, पहिल्यापेक्षा हळू. मला वाटलं, सणासुदीला कोणाला तरी चेष्टा सुचलीय. मी दोन महिने चाचा, चाचा करत होतो, त्याची तिकडे टिंगल होत असणार. माझा पारा चढला. मी वाजवलं, ही सही तुमची नाही. पलीकडे शांतता. मग तिसऱ्यांदा तीच सही, इतकी सावकाश की दोन अक्षरांच्या मध्ये मी श्वास घेतला. मी वाजवलं, चेष्टा पुरे, लाईन मोकळी करा. आणि पोच दिली नाही.

लाईन मोकळी झाली. थोड्या वेळाने नव्याचा कोरडा हात सुरू झाला आणि कामाच्या तारा येऊ लागल्या. सकाळचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

दिवसभर मी कामात होतो पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी पूजेला बसलो तर गुरुजींनी दोनदा सांगूनही अक्षता हातातच राहिल्या. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती चकल्या डब्यात भरत होती. म्हणाली, "पण नक्कल करणारा माणूस नक्कल चांगली करील ना? इतकी वाईट कशाला करील?"

हे माझ्या पक्क्या कानाला सुचलं नव्हतं. चाचांची नक्कलच करायची तर कोणीही शेवटची रेघ आधी लांबवली असती. मग हा कोण होता, ज्याला नक्कलही करायची नव्हती आणि सही मात्र तीच करायची होती? रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. माझं चुकलंय असं एकदा वाटे, आणि काय चुकलं ते सापडत नसल्याने पुन्हा राग येई.

पाडव्याला मी धुळ्याची एसटी धरली. बायकोने चकल्यांचा डबा हातात दिला. तार ऑफिसात तो नवा तारबाबू भेटला. कोवळा, चष्मेवाला, अतिशय सभ्य माणूस. मी साक्रीचा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"चाचांना पोळ्यानंतर अर्धांगाचा झटका आला," तो म्हणाला. "उजवी बाजू गेली. साक्रीला सांगू नको, अशी त्यांनी शपथ घातली होती. डाव्या हाताने शिकतो, मग दिवाळीला मीच सांगेन, म्हणाले. काल सकाळी मुलीला घेऊन रिक्षाने आले होते. तेवढा एक नंबर पाठवायला."

त्याने देवपूरचा पत्ता लिहून दिला. पांझरेचा पूल मी पायी ओलांडला, आणि त्या सबंध पुलावर मला एवढंच कळत होतं की मागे फिरावंसं वाटतंय.

दार मुलीने उघडलं. चाचा खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. समोर शेजाऱ्यांनी पाठवलेलं फराळाचं ताट, आणि उशीजवळ एक चमचा. मी सांगितलं, साक्रीचा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बस भाऊ," ते म्हणाले. शब्द जरा जड येत होते. "तुना आवाज तं बारीक शे. माले वाटनं, मोठा पहिलवान शे."

त्यांचा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. सहा वर्षं ज्यांच्याशी बोललो ते अहिराणी बोलतात हे मला ठाऊक नव्हतं, कारण लाईनवर सगळं इंग्रजीच वाजायचं. मी चकल्यांचा डबा खाली ठेवला आणि म्हणालो, "चाचा, मी तुम्हाला ओळखलं नाही. लाईनवरून हाकललं."

"तुनी काय चूक?" ते म्हणाले. "माले बी मना हात वळखू येत नही."

त्यांनी मला सहज माफ केलं, आणि मला ते रागावण्याहून जड गेलं. मुलगी चहा ठेवायला आत गेली. आतूनच ती म्हणाली की दोन महिने अब्बा चमच्याने खाटेवर नुसतं एक, एक, एक वाजवत होते, शेजारी हैराण झाले. चाचा खिडकीबाहेर बघत होते. मी उशीजवळचा तो चमचा उचलला. डाव्या हातात धरला आणि खाटेच्या लाकडावर एक वाजवला. टिंब जमलं. चारी रेघा चार दिशांना गेल्या.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. "कोन शे तू?" ते म्हणाले. "चेष्टा पुरे. लाईन मोकळी कर."

त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसत होती. मी हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो, आणि कशासाठी ते मला तेव्हाही कळलं नाही. नाक पुसून मी पुन्हा एक वाजवला, आणि मागून माझी सही वाजवली, दोन्ही अक्षरं सावकाश. त्यांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला आणि मला पोच दिली.