मेजावरची गिटार

माझी गिटार माझ्या डोळ्यांदेखत लिलावात गेली, आणि ती घेतली माझ्याच वडिलांनी, ज्यांना ती घरात डोळ्यांसमोरही नको होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणारे मध्येच विचारतात, मिळाली का परत? मिळाली. मिळाली म्हणून तर सगळी पंचाईत झाली.

आम्ही बारामतीचे, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. वडिलांना मी अण्णा म्हणते. घरात आता आम्ही दोघंच. अण्णांनी आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं पेटी वाजवली. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोटं आखडतात म्हणून त्यांनी पेटीला हात लावला नाही, आणि ते काम न सांगता माझ्या गळ्यात पडलं. तक्रार नाही, पेटी मला आवडते. रविवारी पेटी, आणि सोमवार ते शनिवार कंपनीची बस पकडून इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला. तिथल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी मालाची तपासणी करते. जाऊन-येऊन अडीच तास. ते अडीच तास माझ्या कानात रॉक वाजत असतं.

रॉक म्हणजे सिनेमात हिरो गिटार घेऊन हिरॉइनच्या मागं फिरतो ते नव्हे. फाटलेल्या आवाजाच्या गिटारी, छातीत ठोके देणारे ड्रम आणि जीव तोडून ओरडणारा माणूस. कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं आणि वाटलं, अरे, असं ओरडता येतं होय! आमच्या घरात कुणी आवाज चढवत नसे. चर्चमध्ये तर रडायची गाणीसुद्धा गोड चालीत.

आता यात कुणाचं काय बिघडलं? पण प्रत्येकाला माझ्या देवाची काळजी. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईंनी एकदा हौसेनं एक इअरफोन मागितला, कानात घातला आणि चटका बसल्यासारखा परत दिला. म्हणाल्या, तुम्ही तर चर्चला जाता ना? मग हे सैतानाचं कसं चालतं तुम्हाला? त्या वेळी आमच्या बसपुढं उसाचा ट्रॅक्टर होता. दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं असा डेक लावलेला की भिगवणपर्यंत बसच्या काचा थरथरत होत्या. गाण्याचे शब्द मी इथं लिहू शकत नाही. बाई त्या तालावर पाय हलवत होत्या. ते चालतं.

बरं, दुसरीकडं तरी सुख असावं? फोनवर रॉक ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, महाराष्ट्रभरातली मंडळी. तिथं देवाला मानणारा माणूस म्हणजे मेंढरू. एकानं येशूवर एक घाणेरडा विनोद टाकला, त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मी तडकून ग्रुप सोडला. तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण नवं काय आलंय ते तिथंच कळतं. गेले तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, का गेली होतीस. म्हणजे इकडं मी बिघडलेली, तिकडं मी बावळट.

आणि घरी अण्णा. ते तोंडानं बोलत नाहीत, व्हिडिओ पाठवतात. एकाच घरात, मी स्वयंपाकघरात, ते बाहेरच्या खोलीत, आणि माझा फोन टिंग करतो. व्हिडिओत कुणीतरी उपदेशक सांगत असतो की ही गाणी उलटी लावली तर सैतानाचा आवाज ऐकू येतो. खाली अण्णांचे जोडलेले हात. अहो, सरळ लावून शब्द कळत नाहीत, उलटं लावून ह्याला कसे कळले? पण बोलायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, फोनवर बघून बघून शिकले. मी वाजवायला बसले की अण्णा काही न बोलता उठायचे आणि रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचे. मे महिन्यातसुद्धा.

आणखी एक गोष्ट होती, तिचा मी भलताच अर्थ लावला होता. जेवणाआधीची प्रार्थना पहिल्यापासून अण्णांची. आई गेल्यापासून मात्र ताट पुढं आलं की ते म्हणायचे, तू कर. मला वाटायचं, ही परीक्षा चाललीय. पोरीला प्रार्थना अजून येते, का त्या आरडाओरड्यात विसरली, ते बघतायत. मग मीही इरेला पेटून लांबलचक प्रार्थना करायचे, आमटी गार होईपर्यंत.

आता ती गाणी मी का सोडत नाही, ते सांगते. हट्ट म्हणून नाही. आई बारामतीतच दवाखान्यात होती, अकरा दिवस. रोज दुपारी चारला आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चची, माणसं यायची, पलंगाभोवती उभी राहून हळू आवाजात गायची. जाताना प्रत्येक जण अण्णांचा हात हातात घेऊन म्हणायचा, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. आमच्यात तसंच म्हणतात, आणि करतातही, खोटं नाही. पण मला त्या गोड सुरांचा उबग आला होता. आईच्या नाकात नळी, आणि हे म्हणतायत सगळं चांगलंच होणार. नवव्या दिवशी मी बाहेर बाकावर जाऊन बसले, कानात माझं गाणं लावलं, आणि तो माणूस तिकडं ओरडायला लागला तशी मी मनातल्या मनात देवाला वाट्टेल ते बोलले. भांडले. तू आहेस कुठं, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की समोर खरंच कुणीतरी आहे आणि ऐकतंय. त्याच्याआधीची माझी प्रार्थना म्हणजे नुसतं पाठांतर होतं. आई वाचली नाही. पण त्या दिवसापासून मी देवाशी बोलते ते त्याच आवाजात बोलते. ती गाणी काढून घेतली तर मला पुन्हा पाठांतरावर यावं लागेल. हे मी अण्णांना कधी सांगितलं नव्हतं. आई जाताना तू कानात ते घालून बसली होतीस, असं म्हणाले असते तर मला सहन झालं नसतं.

तर कापणीचा सण. वर्षातून एकदा आमच्याकडं प्रत्येक घर आपलं पहिलं पीक देवापुढं आणतं. चर्चच्या दाराला दोन्ही बाजूंनी ऊस बांधतात. वेदीपुढच्या मेजावर ज्वारी, केळी, भोपळे, अंडी, कुणाच्या हातची गोधडी, कुणाची कोंबडी पाय बांधून. भक्ती, म्हणजे उपासना, झाली की सगळं बाहेर लिंबाखाली नेतात आणि लिलाव होतो. नियम एकच. मेजावर आलं ते देवाचं, देणाऱ्यानं परत घ्यायचं नाही. हवं असेल तर त्यानंही सगळ्यांसारखी बोली लावायची. लोक मुद्दाम चढवतात, घेणारा पुन्हा देवालाच देऊन टाकतो, एकच भोपळा तीनदा विकला जातो, मजा असते.

चर्चचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत. मी महिनाभर त्यांच्या मागं लागले होते की सणाला एक गाणं गिटारवर वाजवू द्या. शेवटी हो म्हणाले, पण तो फाटका आवाज नको, साधी वाजवा. साधी तर साधी. वाजवली. म्हाताऱ्या बायांनीसुद्धा मान डोलावली. अण्णा खाली बघत होते. गाणं संपलं आणि अर्पणं घेऊन बायका पुढं आल्या, अशी गर्दी झाली की मला उभं राहायला जागा नाही. मी गिटार मेजाला टेकवून ठेवली. तेवढ्यात एक कोंबडी सुटली. सगळ्यांच्या पायांतून ती दाराबाहेर, आणि तिच्या मागं मी. चांगली पंधरा-वीस मिनिटं तिनं मला मागच्या आवारात पळवलं. पकडून आणते तर लिंबाखाली लिलाव सुरू, आणि तात्यांच्या हातात माझी गिटार. पोरांनी मेजाजवळचं सगळं उचलून आणलं, त्यात तीही आली.

तात्या म्हणजे आमच्या मंडळीतले ज्येष्ठ, जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम केलेले, त्यामुळं आवाज खणखणीत. मी कोंबडी काखेत धरून ओरडले की ती माझी आहे. सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

"मेजावर आलं ते देवाचं, पोरी. मी काय करू?"

मी पाळकसाहेबांकडं बघितलं, तर ते चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. माझी पर्स गाडीच्या डिकीत, किल्ली पर्सच्या खिशात, नाही, कुणाकडं ठेवलेली ते आठवेना. इकडं लग्नांत ऑर्केस्ट्रा लावणारे एक गृहस्थ बोली चढवत होते. त्यांना ती हवीच होती. आणि मग मागून एक हात वर झाला. अण्णांचा. दरवर्षी एक डझन केळी घेऊन घरी जाणारे अण्णा. ऑर्केस्ट्रावाले चढले, अण्णा चढले. पुन्हा ते, पुन्हा अण्णा. लोकांचं हसू बंद झालं. मध्येच एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात वरच ठेवला. शेवटी ऑर्केस्ट्रावाल्यांनीच हात जोडले.

मला काय आनंद झाला! वाटलं, सुटले, बापाला कळलं. घरी आल्यावर अण्णांनी गिटार आईच्या शालीत गुंडाळली, कपाटावर पेटीशेजारी ठेवली, आणि म्हणाले की आता ही देवाच्या मेजावरून आलीय, हिच्यावर आता फक्त देवाचीच गाणी. तुझी ती न्हाईत. झालं. म्हणजे मला गिटार दिली आणि माझी गाणी काढून घेतली.

दुसरी घे, असं कुणीही म्हणेल. घेता आली असती. पण प्रश्न गिटारीचा राहिलाच नव्हता. दुसरी घ्यायची म्हणजे कबूल करायचं की एक गिटार देवाची आणि एक सैतानाची, एक मी रविवारची आणि एक मी बसमधली. तेच तर मला मान्य नव्हतं. पाच आठवडे मी धुमसत होते. भांडी आपटली. जेवणाआधीची प्रार्थना दोन वाक्यांत उरकायला लागले. अण्णा आमेन म्हणायचे आणि जेवायचे.

सहाव्या रविवारी चर्चहून आल्यावर मी खुर्चीवर चढून गिटार खाली काढली. शाल घडी करून पलंगावर ठेवली. गिटारचा अँप बाहेरच्या खोलीतच मांडला, अण्णांच्या पुढ्यात. पायाशी ती डबी ठेवली, जिच्यानं आवाज फाटतो.

"ती देवाची हाय," अण्णा म्हणाले.

"मग देवालाच ऐकवणार आहे," मी म्हणाले, आणि मग माझा बांध फुटला. दवाखान्याचा बाक, नववा दिवस, कानात काय होतं, मी देवाला काय काय बोलले, सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शेजारी ऐकू गेलं असेल. म्हणाले, तुम्ही ज्याला सैतान म्हणता ना, त्यात मला देव भेटला, आणि तुमच्या गोड गाण्यांत नाही भेटला, आता काय करायचं ते करा.

अण्णांनी पलंगावरची शाल उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, आता उठून खिडकी लावतील.

"तुझी आई गेल्यापासून मला प्रार्थनाच येत न्हाय," ते म्हणाले. "डोळं मिटतो अन् नुसता बसतो."

मला दया यायला हवी होती. आला राग. तीन वर्षं हा माणूस मला व्हिडिओ पाठवत होता, मंडळीत डोळे मिटून पहिल्या बाकावर बसत होता, आणि ताटावर मला म्हणत होता, तू कर. परीक्षा कसली, त्यांना येतच नव्हती. पेटीसुद्धा बोटांमुळं नव्हती सुटली. मी तडकून विचारलं, मग मला कशाला अडवत होता?

"म्हटलं, माझं गेलं ते गेलं. तुझं तरी जाऊ न्हाय."

राग कुठं ठेवावा ते कळेना. मी तशीच गिटार मांडीवर घेऊन बसले. प्लग हातात होता, तो लावायचंही सुचेना. अण्णांनी चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला, आणि आमच्या मंडळीत माणसं एकमेकांचा हात धरून माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणतात, तशाच हळू आवाजात म्हणाले,

"माझ्यासाठी पण वाजव."