डेस्कटॉपवरचा उकिरडा

स्टुडिओवाल्या काकूंना पसारा म्हटला की अंगावर काटा यायचा. रिळाच्या काळात निगेटिव्ह त्याच सांभाळत. प्रत्येक पट्टी पातळ पाकिटात, वर तारीख आणि आडनाव. पुढं कॉम्प्युटर आला, तो काकांनी बळकावला आणि काकू काउंटरवर जाऊन बसल्या.

एके सकाळी शेजारच्या गल्लीतली शिंपीणबाई आली. तिचे वडील नुकतेच वारले होते.

"दोन वर्षांपूर्वी इथं फोटो काढून गेले होते ते. घरात दुसरा एकही धड फोटो नाही."

"उद्या या, सापडेल," काका म्हणाले. ती तीनदा आली. तिसऱ्यांदा काकांनी हात झटकले, "उडाला असेल हो."

तिचा चेहरा बघून काकूंनी काकांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. पडद्याकडे पाहिलं. सगळीकडे नुसत्या फायली बुजबुजलेल्या. 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर २', त्यात 'फायनल', 'खरं फायनल'. कुणाचं तरी लग्न विजेच्या बिलांत कोंबलेलं.

"शी! किळस येते हो बघून!"

"कुठं काय आहे ते मला बरोबर माहीत असतं."

"मग काढा ना तिच्या वडिलांना!"

काकांना एकदम बाहेरचं काम आठवलं.

नऊ दिवस काकू नाक मुरडत उपसत होत्या. वर्ष, महिना, आडनाव. शेवटी 'भंगार' नावाच्या फोल्डरमध्ये म्हातारा सापडला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डोळे मिटलेले.

"माणसाला भंगारात टाकलंत?"

"डोळे मिटले म्हणून वगळला तो. चांगला दुसरा काढला होता."

"कुठाय दुसरा?"

दुसरा कुठंच नव्हता.

शिंपीणबाईनं तो फोटो बराच वेळ हातात धरला. "हाच द्या," एवढंच म्हणाली. काकूंना तिच्याकडे मान वर करून बघवेना. नवऱ्याची चीड होतीच, पण इतकी वर्षं काउंटरवर बसून आपण त्या कॉम्प्युटरकडं ढुंकूनही पाहिलं नाही, याची शिसारी जास्त होती.

त्याच दुपारी त्यांनी पासवर्ड बदलला. काकांनी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही फोटो काढा. ठेवायचं मी बघते."