मोहरीएवढ्या हृदयाची मोजणी

"मासा साठ दिवसांत बरा होतो, मला पीएचडीला पाचवं वर्ष लागलंय," असं ती एकदा आईला म्हणाली होती. आई म्हणाली, "तूच कापतेस, तूच बघतेस भरलं का. मग कापायचंच कशाला, बाई?"

बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब, अंगावर निळे पट्टे असलेला मासा. त्याचं हृदय मोहरीएवढं. त्याला गुंगीच्या पाण्यात निजवायचं, ओल्या स्पंजच्या खाचेत उताणा धरायचा आणि हृदयाचं टोक कातरायचं. मग ड्रॉपरने कल्ल्यांवर पाणी सोडत बसायचं. कल्ला पहिल्यांदा हलला की तिचाही श्वास सुटे. माणसाच्या हृदयावर व्रण राहतो तो राहतोच. माशाचा हळूहळू विरून जातो. एका औषधाने तो लवकर विरतो का, एवढाच तिचा प्रश्न.

चाळीस मासे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. मोजणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून हृदयाच्या पातळ चकत्या ठेवलेल्या काचपट्ट्यांवर खुणेचे आकडे दुसऱ्याने घातले होते. कोणती पट्टी कोणत्या माशाची ते मोजताना तिला कळायला नको. तिने चाळीसही व्रण मोजले. आकडे उघडले तर औषधवाल्यांचे व्रण बरेच लहान निघाले. तिने घरी पेढे नेले.

तिचे वडील शिंपी. पेढा तोंडात घोळवत ते समोरच्या सदऱ्याची बाही उलटून बघत होते. "ही माझीच टीप. शंभर कपड्यांत ओळखेन."

तिचा घास तिथेच थांबला. तेरावा मासा कातरताना हातातून निसटला होता, त्याचा काप तिरका गेला होता. विसावा जरा खोल. मोजताना तिने ते ओळखले होते, आणि औषध तिनेच दिलेलं, त्यामुळे कुणाला दिलं तेही तिला पाठ होतं. आकडे झाकले होते, पण तिचा हात कुठे झाकला होता?

सकाळी तिने आपल्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं.

"महिनाअखेर प्रबंध द्यायचाय," मॅडम म्हणाल्या. "फरक पुसला गेला तर?"

"तर नाही म्हणून लिहीन."

"मग मोजायला आजोबाला बसव."

आजोबा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सव्वीस वर्षांचा संशोधक. जिना चढतानाही विचार करून पाऊल टाकणारा. त्याने तिचा एकही मासा पाहिला नव्हता. नवे आकडे घातले, काचपट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. तो रोज चार मोजी आणि पाचवीला चहाला जाई.

"अरे, हृदयं आहेत, लोणचं नाही मुरत घालायचं!"

"घाई तुझी, डोळे माझे. सरक, उजेड अडवतेस."

त्या दहा दिवसांत तिला झोप मात्र छान लागली, याचं तिलाच नवल वाटे.

अकराव्या दिवशी मॅडमनी यादी उघडली. आजोबाने बेरीज दोनदा तपासली, चष्मा पुसला, पुन्हा तपासली.

"बोल ना रे, मेल्या!"

"औषधवाल्यांचे व्रण लहानच आहेत," तो म्हणाला. "पण फरक तुझ्या मोजणीत आला होता त्याच्या निम्माच."

मॅडमनी कागद तिच्याकडे सरकवला. "आलेख नव्याने काढ. आणि आज टाक्यांची पाळी तुझीच ना? मासे उपाशी आहेत."

तिने कागद दोनदा वाचला. घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला, आजोबाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि टाक्यांच्या खोलीकडे निघून गेली.