मखमलीची एक बाही उलटी कापायची का?

शिवणाऱ्या मैत्रिणींनो, आज आमच्या घरात एका बाहीवरून चांगलंच वाजलं.

शेजारच्या पायलने साखरपुड्याच्या ब्लाउजसाठी मखमलीचं कापड दिलं होतं. तिला कोपरापर्यंत बाह्या हव्या होत्या आणि कापड जरा कमी होतं.

शिवण मी आईकडूनच शिकले. तिने बाहीच्या मापाचा कागद कापडावर ठेवून पाहिला. "एक बाही उलटी कापजो, बराबर बसून राह्यली."

बसत होती, खरं आहे. पण मखमलीची लव एकाच दिशेला असते. एक बाही उलटी कापली की ती फिकी दिसते. मी पुन्हा हात फिरवून पाहिला.

"हात फिरवू फिरवूच झिजवशील ते! इतके वर्षं मी असंच कापतो, कोणी काई म्हटलं नाई."

"ते सुती होतं, आई. पायलचे फोटो निघणार आहेत."

कात्री ठेवली आणि कापड घेऊन पायलकडे गेले. मागोमाग आईही आली. मी कापडाची दोन्ही टोकं पायलच्या दोन खांद्यांवरून पुढे सोडली, म्हणजे एकीकडे लव वर आणि दुसरीकडे खाली, आणि तिला आरशासमोर उभं केलं.

"अवो ताई, हे दोन रंगाचं काऊन दिसते?"

कारण सांगितल्यावर तिने स्वतःच आखूड बाह्या करायला सांगितल्या, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने बसतील.

घरी येऊन आईने कापड सरळ अंथरलं आणि मला विचारलं, "लव वर ठेवू का खाली?"

शिवणातलं काही तिने मला विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी वर ठेवायला सांगितलं, रंग गडद येतो. तुम्ही कशी ठेवता?