सगुणेसाठी उतरवलेली माळ

आमच्या मामेसासऱ्यांनी सगुणेचं जेवढं केलं तेवढं कुणी सख्ख्या आईचंही केलं नसेल. आणि सगुणा म्हणजे कुत्री, बरं का. तीही आपल्याकडची नव्हे. मामा देहूरोडच्या लष्करी छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर तो साहेब विलायतेला निघाला, तेव्हा मडमेनं रडत रडत ही चिनी जातीची, बसक्या नाकाची, बटबटीत डोळ्यांची कुत्री मामांच्या पदरात टाकली. मडमेनं ठेवलेलं नाव मामांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी सगुणा ठेवलं. आमच्या कुरुळी गावात, आमच्याच आळीत आधीच एक सगुणाबाई होत्या. त्यांनी मामांशी बोलणंच टाकलं.

मामी कधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. सगळी माया या कुत्रीवर. सकाळी उन्हात बसून मामीच्या फणीनं तिचे रेशमासारखे केस विंचरायचे. तिच्या नाकावर एक घडी होती, त्या घडीत घाण साचते म्हणून जुन्या धोतराची चिंधी उकळलेल्या पाण्यात भिजवून ती पुसायचे, मग डोळे पुसायचे. चैत्रात तिला धाप लागायची, जीभ निळी पडायची. मग दाराला ओलं गोणपाट लावून मामा पंख्यानं वारा घालत बसायचे. रस्त्यानं निघाले की छत्री तिच्यावर, आणि स्वतःचं टक्कल उन्हात. एकदा चाकणच्या बाजाराला जाताना गाडीतला एकजण म्हणाला, "म्हातारबा, कुत्री हाय का मांजर?" मामा म्हणाले, "पावणी हाय. सरका, बसू द्या तिला खिडकीपाशी." आणि तो सरकला की हो!

मामा पक्के माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि देवळातल्या भजनात वीणा त्यांच्याकडे. वीणेकऱ्याचा मान मोठा. तो मध्ये उभा, बाकीचे दोन्ही अंगांनी. सगुणा त्यांच्या पायाशी बसून घोरायची, आणि मृदंगवाला भजन सांगणाऱ्या बुवांना म्हणायचा, "बुवा, हिचा ताल चुकतोय." घरात मांसमच्छी वर्ज्य, म्हणजे सगुणेलाही वर्ज्य. भाकरी-दूध, वरण-भात. एकादशीला तर तिलाही वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. मी एकदा म्हटलंच, "मामा, उपास तुमचा, तिला कशाला?"

"एका घरात दोन धरम कसं चालतील, सूनबाई?"

काही वर्षं ते चाललं. मग सगुणेचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळायला लागले. मागचे पाय लटपटायला लागले. शेवटी ती उठेचना. मामांनी तिला टोपलीत घालून चाकणच्या गुरांच्या डॉक्टरकडे नेलं, मी बरोबर होते. डॉक्टरांनी तिला चाचपलं आणि विचारलं, "खायला काय घालता?" मामांनी कौतुकानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिची पापणी उलटून पाहिली. मग म्हणाले, "आजोबा, ही उपासमारीनं चाललीय. मटण द्या, काळीज द्या. नाहीतर ही जगत नाही."

परतताना मामांनी टोपली छातीशी धरून ठेवली. आमच्या घरी मटण चालायचं. मी रस्सा करून नेला, तर सगुणेनं तोंड फिरवलं. ती मामांच्या हातचं सोडून कुणाच्या हातचं खातच नसे. वाटी तशीच राहिली.  मग मामांनी गळ्यातली माळ काढली, विठोबाच्या तसबिरीपुढे ठेवली, हात जोडले. "मी घातला उपास. आता मीच मोडतो," म्हणाले, आणि वाटीत बोटं घातली.  सगुणेनं बोटं चाटली.

दुसऱ्या दिवसापासून मामा स्वतः खाटकाकडे जायला लागले. परसात तीन दगडांची चूल मांडून शिजवायचे, नाकाला उपरणं बांधून. त्यांनी स्वतः कधी घास खाल्ला नाही, पण माळ उतरली ती उतरली. भजनी मंडळींनी वीणा दुसऱ्याकडे दिली. बुवा भला माणूस, त्यालाही रडू आलं. पण रीत ती रीत. मामा मग देवळाबाहेर पायरीवर बसायचे, मांडीवर सगुणा. तिला नवे केस फुटले, चांगली गुटगुटीत झाली. गावातली टवाळ माणसं म्हणायची, "बघा, देव सोडला नि कुत्री धरली." मामा ऐकून घ्यायचे.

सगुणा त्यानंतर बरीच जगली. म्हातारी होऊन एका हिवाळ्यात मामांच्या मांडीवरच गेली. मामांनी तिला परसात पुरलं, जेवले नाहीत. काही दिवसांनी बुवा स्वतः माळ घेऊन घरी आले. "आता काय अडचण हाय? घाला गळ्यात, वीणा तुमची वाट बघतीय." मला वाटलं, मामा आता डोकं पुढे करतील. त्यांनी बुवांचे हात धरून खाली केले.

"आता घातली, तर मी तिच्या मरायची वाट बघत व्हतो असं व्हईल, बुवा. न्हाई."

बुवा उठून गेले. त्यानंतरही भजनाला मामा यायचे. आत नाही, पायरीवरच, रिकाम्या मांडीवर हात ठेवून हळू टाळी धरायचे. एकदा बोचरी थंडी होती. मी म्हटलं, "मामा, दारात तरी सरका."

"राहू द्या, सूनबाई," म्हणाले. "हितनं बी ऐकू येतंय."