बाबांकडे उरलेला शब्द

माझे बाबा सुतार. धंद्यातले लोक त्यांना ‘गुण्या’ म्हणायचे. काटकोन तपासायचा गुण्या कायम हातात, आणि स्वभावही तसाच. तिरकं म्हणून खपायचं नाही. पक्षाघातात त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. राहिला एकच शब्द, ‘बोर्ड’. पाणी हवं, बोर्ड. पंखा बंद करा, बोर्ड. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो. म्हटलं, राहायचाच होता तर माझं नाव राहिलं असतं! मेला फळीचा शब्द!

तेही चालवून घेतलं असतं. पण बाबांनी खाणं सोडलं. आई पलंगाशी बसून घास पुढे करायची, आणि ते तोंड फिरवून म्हणायचे, ‘बोर्ड.’ असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

काय काय करून पाहिलं नाही आम्ही! गुळगुळीत फळी आणून दिली; डाव्या तळव्यानं चाचपून त्यांनी बाजूला सारली. बाबांच्या सुतारी कारखान्यावरचा रंगवलेला बोर्ड उतरवून आणला. माझ्या मुलीचा कॅरम बोर्डसुद्धा दाखवला. आई वैतागली, “आता काय शाळेतला फळा आणतेस?”

पण मला त्या शब्दानं झपाटलं होतं. वाचनालयातून जाडजूड इंग्रजी कोश आणला. मूळ अर्थ फळीच. मग फळीचं टेबल झालं, टेबलावरचं जेवण झालं, टेबलाभोवतीची माणसं झाली, म्हणून कंपनीचे कारभारीही बोर्ड. जहाजाची कडसुद्धा बोर्ड! एवढ्याशा शब्दाचा केवढा हा गोतावळा! पुढे वाचलं की जुन्या काळी तिकडे दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिवयांवर, फळी टाकून जेवत, आणि जेवण आटोपलं की फळी उचलून ठेवत.

“अगं आई, हे तर आपल्या कारखान्यातलं!” मी ओरडलेच. दुपारी बाबा अशीच फळी टाकायचे, आणि शेवटचा कारागीर हात धुऊन बसेपर्यंत घास मोडायचे नाहीत. आणि आम्ही? त्यांना एकट्याला पलंगावर भरवायचो, वर टकमक बघत बसायचो.

“तसंच असेल कशावरून?” आई म्हणाली.

“नसेलही. करून तर बघू!”

दोन स्टुलांवर फळी टाकली. बाबांना उशांच्या आधारानं बसवलं. मी बसले, मुलगी बसली. आई पळी घेऊन उभी. बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे.

“बोर्ड.”

“तुम्ही घ्या हो. मी बसते मागून.”

“बोर्ड!” त्यांनी डाव्या हातानं फळीवर थाप मारली.

आई पळीसकट खाली बसली. मला रडू आवरेना. आईच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

“घरात कधी थांबलात का हो माझ्यासाठी?” ती म्हणाली. “उभा जन्म मी मागून, गार झालेलं खाल्लं. सगळं बोलता येत होतं, तेव्हा नाही सुचलं हे!”

आईनं घास घेतला, तेव्हा कुठे बाबांनी ताटाला हात लावला.