कर्नलमधली चार वाक्यं

"मॅडम, माझं चुकलेलं न्हाई," ती म्हणाली. सोमवारपासून तिसऱ्यांदा म्हणत होती, आणि तिसऱ्यांदाही मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी नारायणगावची. आमचे आजोबा राजस्थानातून आले. बाजारपेठेत पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. घरात मारवाडी उरली आहे ती लग्नाच्या गाण्यांपुरती. पुण्यात सात वर्षं एका कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात हात घालायचं काम केलं आणि मग जुन्नरजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आले. "एवढं शिकून परत इथंच?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. मी त्यांना काही सांगत बसले नाही. मला शिकवायला आवडतं, एवढंच खरं उत्तर होतं.

ती माझी विद्यार्थिनी, शेवटच्या वर्षाला होती. आपटाळ्याच्याही पुढच्या डोंगरातली, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातली. जुन्नरला वसतिगृहात राहायची. वर्गात फारसं बोलायची नाही. प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी हजेरीची अॅप आणि हॉटेलची बुकिंग घेतली. हिनं डीबगर घेतला. चालू असलेला प्रोग्रॅम मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे डीबगर. मी म्हटलं, "अवघड आहे." ती म्हणाली, "म्हणूनच."

दिवाळीच्या आधी तिचा डीबगर चालत होता. दिलेल्या ओळीवर दुसरा प्रोग्रॅम बरोबर थांबायचा. सुट्टीनंतर तो चालेनासा झाला. स्क्रीनवर एकच ओळ यायची: इनपुट आउटपुट एरर.

ही एरर मी आयुष्यात शंभर वेळा पाहिलेली. डिस्क मरायला लागली की येते. मी लॅब सांभाळणाऱ्या भाऊंना सांगितलं, त्यांनी डिस्क बदलली. तीच एरर. मग मी तिला म्हटलं, "सुट्टीत तू कोडमध्ये काहीतरी बदललं असशील. नीट बघ."

"एक अक्षर बदललं न्हाई, मॅडम. सुट्टीत मी भात झोडत व्हते."

मी हसले. आज लिहिताना ते हसणं मला आवडत नाही. माझ्या हसण्यात, ही पोरगी चूक कबूल करत नाही, असा अर्थ होता. आणि तिला तो बरोबर कळला.

दोन दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, पाच मिनिटं लॅबमधी येता का?" कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्याचा पंखा घरघरायचा, म्हणून त्याच्यावर कुणी बसायचं नाही. तिनं त्याच्यावर आपला डीबगर चालवला. चालला. शेजारच्यावर चालवला. एरर. पुन्हा जुन्यावर. चालला.

"कोड तोच हाय," ती म्हणाली. "मशीन बदललं की बिघडतंय. ह्या बाकीच्या मशीनवर सुट्टीत कुणी काय केलं?"

 ते मीच केलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीनं लॅबमधल्या सगळ्या मशीनवर नवा कर्नल बसवला होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमनं काय करायचं आणि काय नाही, हे तो ठरवतो. बसवताना सुरक्षेचा एक नवा पर्याय दिसला. वर्णन वाचून बरा वाटला, म्हणून चालू केला, आणि विसरून गेले. कोपऱ्यातलं मशीन जुनं, त्यावर नवा कर्नल बसलाच नव्हता.

तो पर्याय काय होता ते सांगते. प्रोग्रॅमच्या सूचना मेमरीत ज्या पानांवर असतात, त्या पानांवर शिक्का असतो: वाचा, पण लिहू नका. त्यामुळे कुणी प्रोग्रॅमला फसवलं तरी त्याला स्वतःच्या सूचना खोडून नव्या लिहिता येत नाहीत. पण फार पूर्वीपासून एक आडवाट होती. प्रत्येक चालू प्रोग्रॅमची मेमरी एका फाइलसारखी उघडता यायची, आणि त्या फाइलमधून लिहिलं की कर्नल शिक्क्याकडे बघायचाच नाही. ही सोय डीबगरसाठी होती, कारण प्रोग्रॅम थांबवायचा तर त्याच्या सूचनांमध्ये थांब्याची खूण लिहावीच लागते. पण त्याच आडवाटेनं हल्लेखोर प्रोग्रॅमला स्वतःवरच लिहायला लावायचे. नव्या पर्यायानं ती वाट आवळली होती: जो डीबगर म्हणून रीतसर जोडला गेलाय तोच लिहील, बाकी कुणी नाही. नकार मिळाला की स्क्रीनवर तीच इनपुट आउटपुट एरर येते.

हे सगळं मी तिला तिथंच सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "माझं चुकलं. तुझं नव्हतं."

 तिनं खुर्ची ओढली आणि मला बसायला दिली. मग म्हणाली, "पण मॅडम, माझा डीबगर रीतसर जोडलेलाच हाय की. मग मला का अडवलं?"

प्रश्न बरोबर होता. मला वाटलं, कर्नलमध्येच चूक आहे. आता मी तिच्यापेक्षा उतावीळ झाले. जगभरातली माणसं ज्या यादीवर ईमेलनं कर्नलची चर्चा करतात, तिथं लिहायला मी तिला सांगितलं. तिनं इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या. मी व्याकरण सुधारलं, आणि एक वाक्य माझ्या पदरचं घातलं: ही कर्नलमधली चूक दिसते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कर्नलचा तो भाग बरीच वर्षं सांभाळणाऱ्या एका माणसाचं होतं. त्यानं तिचा कोड वाचला होता. लिहिलं होतं, की चूक कर्नलची नाही. तुमच्या डीबगरमध्ये एकाच वेळी दोन धागे, म्हणजे समांतर चालणाऱ्या सूचनांच्या दोन साखळ्या, काम करतात. एक धागा समोरच्या प्रोग्रॅमला जोडला जातो, आणि मेमरीत लिहितो मात्र दुसराच. कर्नल विचारतो, जोडला गेलेला तूच का? दुसऱ्या धाग्याचं उत्तर नाही असंच येतं. नियम जसा हवा तसाच चालतोय.

सगळ्या जगासमोर आलेलं हे उत्तर वाचून माझे कान तापले. चूक दिसते हे वाक्य माझं होतं, आणि खाली नाव तिचं. मी घाबरतच तिच्याकडे पाहिलं.

ती हसत होती. "बरोबर बोलतोय की तो! जोडणारा एक आन् लिवणारा दुसरा. ह्ये मलाच कळायला पायजे व्हतं." तिनं तिथल्या तिथं कोड बदलला, लिहायचं काम जोडलेल्या धाग्याकडेच दिलं. लॅबच्या नव्या मशीनवर डीबगर चालला. पर्याय चालूच ठेवून चालला.

माझ्या लेखी गोष्ट इथं संपली होती. तिच्या लेखी नाही. तिनं कर्नलसोबत येणारी त्या पर्यायाची माहिती पुन्हा वाचली, शब्दावर बोट ठेवून.

"मॅडम, ह्याच्यात कुठं लिवलंय की जोडलेल्या धाग्यानंच लिवायचं? डीबगरला परवानगी हाय एवढंच लिवलंय. वाचणाऱ्यानं काय समजायचं?"

मी वाचलं. खरंच कुठं नव्हतं.

तिनं त्या माणसाला तेवढंच विचारलं. आता माझं एकही वाक्य त्यात नव्हतं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे कुठंच लिहिलेलं नाही. तुम्ही लिहाल का?

तिनं त्या माहितीत घालायला चार वाक्यं लिहिली. सोबत एक छोटी चाचणी: दोन धागे, एक जोडलेला, एक न जोडलेला, पहिल्याला लिहिता आलं पाहिजे, दुसऱ्याला नाही. पहिल्यांदा पाठवलं तर परत आलं. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा त्यांच्या पद्धतीची नव्हती. दुसऱ्यांदाही परत आलं. एका वाक्याचे दोन अर्थ निघत होते. दर वेळी माझं तोंड उतरायचं आणि ती म्हणायची, "वाचलं तरी त्यांनी." तिसऱ्या खेपेला स्वीकारलं. खाली सही म्हणून तिचं पूर्ण नाव, आडनावासकट. माझं नाव कुठं घालायचं का, असं तिनं विचारलं होतं. मी नको म्हटलं. ते मोठेपण नव्हतं; त्या चार वाक्यांत माझं खरंच काही नव्हतं.

रविवारी जुन्नरच्या बाजाराला आलेले तिचे वडील सोमवारपर्यंत थांबले आणि कॉलेजात आले. पांढरी टोपी, हातात तांदळाची पिशवी. दारातच म्हणाले, "मॅडम, पोरीनं कायतरी केलंय म्हणत्यात. चांगलंच हाय ना?"

मी त्यांना बसवलं, तिलाही बोलावून घेतलं, स्क्रीनवर ती चार वाक्यं दाखवली. म्हटलं, "मशीनमध्ये कुणी काय करायचं याचे नियम ठरवणारा हा कर्नल जगात लाखो ठिकाणी जातो. त्याच्यासोबत हे जातं. खाली नाव बघा."

त्यांनी इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. आडनावापाशी आल्यावर बोट थांबलं. "म्हंजी कायदा तिनं केला?"

"कायदा आधीच होता. तो नेमका काय आहे ते कुणी लिहिलं नव्हतं. ते तिनं लिहिलं."

"मंग लई झालं," ते म्हणाले. "कायदा करनारं लई असत्यात, मॅडम. समजून सांगनारं न्हाई भेटत." आणि पोरीकडे न बघताच तिला म्हणाले, "पुढलं काय लिवायचं ऱ्हायलंय?"

"लई ऱ्हायलंय, दादा," ती वडिलांना म्हणाली.

ती आता पुण्यात नोकरी करते. अधूनमधून फोन करते, बहुतेक वेळा मला न सुटणारं काहीतरी विचारायला. तिच्या वडिलांनी त्या दिवशी दिलेला तांदूळ इंद्रायणी होता. माझ्या आईनं त्याचा भात केला आणि दुकानात येईल त्याला सांगत सुटली, की ह्यो माझ्या लेकीच्या विद्यार्थिनीच्या घरचा. मी तिथंच उभी होते. तिला थांबवलं नाही.